शेजारच्या चुलीचा विस्तव

ये गं, अशी जवळ येऊन बस. तिकडे दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? आणि आधी तोंड नीट कर. आल्यापासून ऐकते आहे मी, शेजारीण अशी आणि शेजारीण तशी. तिने दार लावून घेतलं, तिने बघून न बघितल्यासारखं केलं, तिच्या मनात काहीतरी आहे. असेलही. मी नाही म्हणत नाही. पण काऊन गं, तू एकदा तरी तिच्या दारावर जाऊन थाप मारलीस का? नाही ना? मग बस, आणि ऐक. रागावले नाही मी. राग आला असता तर चहा दिला नसता.

संशय मला शिकवू नको. मी संशयाच्या घरात वाढले. तुझी पणजी, म्हणजे माझी आई, देवावर सोडून कोणावर फारशी विसंबत नसे, आणि माझी आत्या तर देवावरही एक डोळा ठेवून असायची.

आम्ही तेव्हा अहेरीच्या अलीकडे एका धानाच्या गावात राहत होतो. पन्नासच्या पुढची वर्षं असतील. बाबा जंगलाच्या लाकूड डेपोत सुतार होते. अख्ख्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकट्याचं. रविवारी घरातच उपासना व्हायची, गाणं आम्हीच म्हणायचो आणि ऐकायलाही आम्हीच. क्वचित सायकलवर पाळकसाहेब यायचे, तेव्हा गावातली मुलं कुंपणावरून डोकावून बघायची, यांच्या घरी आज कोण आलं म्हणून. कोणी त्रास दिला नाही. पण आपल्याकडे बघत आहेत हे कळतं ना माणसाला, तसं ते कळायचं.

आमच्या घराला लागून एका शेतकऱ्याचं घर होतं. मधे बांबूचं कुंपण. त्या घरात एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि एक लहानशी नात. म्हातारी गावाची सुईण. निम्म्या गावाची नाळ तिनेच कापलेली. मी तिला आजी म्हणायची.

आणि तिच्याच चुलीतला विस्तव आमच्या घरी यायचा. तुला हे सांगावं लागेल. आगपेटी असायची घरात, पण ती दिव्यासाठी, पावसाळ्यासाठी. रोज सकाळी चुलीला काडी ओढणं म्हणजे उधळेपणा. ज्या बाईला राखेखाली निखारा पुरून रात्रभर जिवंत ठेवता येतो, तिच्याकडून शेजारच्यांनी सकाळी निखारा न्यायचा. माझ्या आईचा निखारा हटकून विझायचा. मग मी खापरात थोडी राख घालून कुंपणाशी जायची. आजी म्हणायची, "तुह्या मायच्या चुलीत भूत निजते का वं, रोज विझवून टाकते?" आणि दोन लाल निखारे चिमट्याने राखेत ठेवून द्यायची.

त्या वर्षी उन्हाळा लागत होता, मोहाची फुलं पडायला सुरुवात झाली होती. आई गरोदर होती, आणि दिवस भरत आले होते. माझ्या पाठचं एक लेकरू आधीच गेलं होतं. तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी होतो, आणि सुईण न मिळाल्याने बाबांनी आईला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे नेलं होतं, आणि ते लेकरू रस्त्यातच गेलं. तेव्हापासून आईने एकच ठरवलं होतं, गाडीत पाय ठेवायचा नाही. म्हणून या खेपेला सगळी भिस्त शेजारच्या आजीवर. आजीने पोट चाचपून सांगितलं होतं, "डोकं खाली हाय. भेऊ नको. मी हावो ना." बाबांनी मदतीला कोरपन्याकडून आत्याला आणून ठेवलं होतं. आत्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, बाळंतपण तिने कधी पाहिलंही नव्हतं, पण स्वयंपाकात आणि संशयात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

तर एका सकाळी मी खापर घेऊन गेले. आजी अंगणात होती. मला बघून उठली, पण कुंपणाजवळ आली नाही. लांबूनच म्हणाली, "विस्तव नाई आज."

मी वर बघितलं. तिच्या कौलांतून धूर निघत होता. चांगला निळा, जाड धूर.

"आजी, चूल तं पेटली हाय."

"म्हटलं ना नाई म्हणून. जाय घरी."

मी रिकामं खापर घेऊन परत आले. आत्या दारातच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "विस्तव नाई म्हणते! मंग थो धूर काय आभाळातून उतरून राह्यला?"

 आईने पोटावर हात ठेवला. मला तो हात अजून दिसतो. विस्तवाचं दुःख नव्हतं गं ते. जी निखारा देत नाही ती हात लावायला येईल का, ही भीती होती.

मग आत्याने एकेक गोष्ट वेचायला सुरुवात केली, मोहफुलं वेचावी तशी. आणि खरं सांगते, सगळ्या गोष्टी खऱ्याच होत्या. शेजारची सून आमच्या बाजूने विहिरीला जायची, ती आता मागच्या पाणंदीने जाऊ लागली. त्या घरातून फोडणीचा वास येईनासा झाला. त्यांची नात कुंपणाच्या भोकातून रोज आमच्याकडे घुसायची आणि आईच्या हातून भाताचा गोळा खायची, ती दिसेना. आई रोज तिचा गोळा बाजूला काढून ठेवायची आणि रोज तो कोंबडीला जायचा.

"लेकराले बी शिकवलं," आत्या म्हणाली. "किरिस्तावाच्या हातचं खाऊ नको म्हणून."

"इतकं दिवस खाल्लं तवा काही नाई झालं?" आई म्हणाली.

"तवा झालं नाई. आता झालं. गावात कोणीतरी कान भरले."

आणि कान भरण्यासारखं एक कारणही होतं. थोड्याच दिवसांपूर्वी सरकारचा टोचणारा माणूस गावात आला होता, देवीची लस टोचायला. गावातल्या लोकांनी दारं लावून घेतली, पोरं जंगलात पळवली. त्याला रात्री कोणी जागा देईना. बाबांनी त्याला आमच्या ओट्यावर झोपू दिलं, भात वाढला. सकाळी तो निघून गेला, पण त्याचं पांघरूण जिथं पडलं होतं तिथं गावाची नजर पडलेलीच राहिली. आता लोक म्हणत असतील, यांनीच बोलावलं.

मग एका दुपारी आत्या मागच्या परसात भांडी घासत होती ती धावतच आत आली. "पुजारी गेला त्यायच्या घरात. मागून. कांबळ्याखाली काहीतरी लपवून."

"काय लपवून?"

"मले काय दिसते का कांबळ्याच्या आत? पण चांगलं असतं तर समोरून नसता आला? आपल्यावर काही करून राह्यले ते. तुह्या पोटावर."

आई उठून बसली. बाबा डेपोतून आले तेव्हा आईने पाणी द्यायच्या आधीच विषय काढला. बाबांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि म्हणाले, "पुजारी कोणाच्याही घरी जाते. त्याचं कामच हाय थे."

"आणि विस्तव?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला. ते म्हणाले, "मी सांगू का गाडीवाल्याले?"

"गाडीचं नाव काढू नका," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "पण मंग कोण येईन?"



त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. बाबा क्रमाने वाचायचे, आज इथपर्यंत, उद्या तिथून पुढे, निवडून नाही. त्या दिवशी क्रमाने आली ती प्रभूची विहिरीवरची गोष्ट. तो दमून विहिरीवर बसला आहे, आणि एक परक्या जातीची बाई पाणी भरायला येते. तिच्या लोकांचं आणि त्याच्या लोकांचं पटत नाही, एकमेकांच्या भांड्याला हात लावत नाहीत. आणि तो तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती विचारते, तू मला कसं मागतोस? तिलाही संशयच आला की! मला तेव्हा त्या बाईचं फार पटलं होतं.

बाबा पुढे वाचत होते, आईने मधेच थांबवलं. प्रार्थनेत आई कधी बोलायची नाही.

"त्यानं आधी मागितलं," ती म्हणाली.

"मंग?" आत्या म्हणाली. "आपण बी मागितलाच ना विस्तव. नाई दिला."

"आपण नाई मागितला. आपण पोरीले पाठवलं." आई कुंपणाकडे बघत होती. "मी कवा गेली? थे म्हातारी विझलेल्या चुलीवरून मले बोलते म्हणून मी कधी गेलीच नाई."

आत्याने डोळे मिटले आणि मोठ्याने आमेन म्हटलं, म्हणजे विषय संपला.

सकाळी आईने खापर स्वतः उचललं. चालताना तिचा एक हात कमरेवर होता. मी मागे, आणि माझ्या मागे आत्या, पुटपुटत. कुंपणाच्या फाटकाशी आई पोचली आणि तिने कडी काढली तशी आजी अंगणातून ओरडली. तशी ओरडलेली मी तिला कधी ऐकली नव्हती.

"थांब! तिथीच थांब! पाय टाकू नको आत!"

"पाह्यलं?" आत्या म्हणाली. "आता तरी पाह्यलं?"

आईचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आता ती वळेल. पण ती वळली नाही. ती फाटकातच खाली बसली, जमिनीवर. बसायला तिला वेळ लागला. खापर पुढे ठेवलं.

"मावशी, विस्तव देऊ नको. पण माह्याकून काय चुकलं थे सांग. सांगितल्याशिवाय मी उठत नाई. आणि या अवस्थेत मी बसली तर उठाले बी तुलेच बोलवावं लागंन."

 आजीने पदराने तोंड पुसलं आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीच्या आतल्या बाजूला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले होते. आपल्याकडे निंब समोरच्या दाराला लावतात, सगळ्यांना कळावं म्हणून. यांनी तो मागे लावला होता.

"माय आली हाय पोरीच्या आंगावर," आजी म्हणाली.

आता डॉक्टर त्याला गोवर म्हणतील. तेव्हा अंगावर पुरळ उठलं की माता आली, एवढंच. आणि माता घरात असली की त्या घरात फोडणी द्यायची नाही, घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, आणि घरातल्या बाईने बाळंतघरात पाऊल टाकायचं नाही. ही त्यांची रीत. पुजाऱ्याच्या कांबळ्याखाली निंबच होता. आत्याने वेचलेली एकेक गोष्ट खरी होती, आणि एकही गोष्ट आमची नव्हती.

"मंग सांगितलं काऊन नाई?" आई म्हणाली.

आजीने तिच्याकडे रोखून बघितलं. "तुमच्या ओट्यावर थो टोचणारा निजला होता ना? सांगितलं असतं आणि तुह्या मालकानं त्याले कळवलं असतं तं? पोरीले उचलून नेलं असतं तं?"

"आम्ही असं करू?"

"मले काय माहीत तुम्ही काय कराल? तुमच्या मनात कोण शिरून पाह्यलं?" आजी म्हणाली. आणि मग आवाज उतरवून, "आणि दुसरं. तुले सांगितलं असतं तं तू आली असतीस. तुमच्यात काही पाळत नाई. हातात तेलाची वाटी घेऊन, पोट घेऊन, सरळ आत आली असतीस पोरीजवळ प्रार्थना कराले. नसती आली?"

 आली असती आई. नक्की आली असती.

यातलं खरं कारण कोणतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. टोचणाऱ्याची भीती की आईची काळजी? कधी वाटतं पहिलं खरं आणि दुसरं तिने तिथल्या तिथे शोधून काढलं. कधी वाटतं उलटं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरून काही कळत नाही, आता मला माहीत आहे, मीच म्हातारी आहे.

आत्याने तर तेवढ्यावरही विश्वास ठेवला नाही. घरी आल्यावर म्हणाली, "निंब काय, कोणीही बांधते." आणि मग परसातल्या चिंचेच्या बुंध्यावर चढून, टाचा उंचावून, शेजारच्या घरात बघून आली.  "पोरगी निजून हाय केळीच्या पानावर," ती म्हणाली. "लई पुरळ हाय तोंडावर." त्या दिवशी तिने स्वतःहून भाताचा एक गोळा केला, मऊ, बिनफोडणीचा, आणि कुंपणाच्या भोकात पानावर ठेवून आली. थोड्या वेळाने पान गेलेलं होतं. "कुत्र्यानं नेलं असंन," आत्या म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला.

पण आमचा प्रश्न होता तसाच होता. माता घरातून जाईपर्यंत आजी येऊ शकत नव्हती, आणि बाळ थांबणार होतं का? नाही थांबलं. माता जायच्या आधीच, एका दुपारी, आईच्या कळा सुरू झाल्या. बाबा डेपोतून धावत आले आणि अंगणात नुसते फेऱ्या मारू लागले. आत्या आईजवळ बसून मोठमोठ्याने प्रार्थना करायला लागली.

कुंपणाच्या पलीकडून आवाज आला.

"अवं ए! देवाले नंतर बोलाव, आधी पाणी तापव!"

आजी कुंपणाशी येऊन उभी होती. आत पाऊल टाकायचं नाही, पण कुंपणापासून बोलायला कोणती रीत आड येते? आमच्या त्या खोलीची खिडकी कुंपणाच्या बाजूला होती. बाबांनी खिडकीची झडप काढून टाकली. मग सगळी दुपार ती म्हातारी उन्हात उभी राहून ओरडत होती आणि आत माझी आत्या, जिने आयुष्यात बाळंतपण पाहिलं नव्हतं, तिचं ऐकत होती.

"पाठीले टेकू दे तिच्या! उशी नाई, गुडघा दे!"

"देला!"

"आता काय दिसते?"

"मले पाह्यवत नाई!"

"मंग डोळे कोणाले उसने देले? पाह्य!"

मी खिडकी आणि कुंपण यांच्या मधे निरोप नेत होते, कारण आत्याचा आवाज घाबरून बसला होता. बाबा एकदा काही विचारायला कुंपणाजवळ गेले तर आजी त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमचं काम झालं नऊ महिन्यामागं. आता बाजूले बसा." बाबा खरंच बाजूला जाऊन बसले.

आईचा आवाज मोठा झाला, मग थांबला. आणि काहीच ऐकू येईना. आजीने कुंपणाचे बांबू दोन्ही हातांनी धरले होते. तिचा एक पाय उचललेला मी पाहिला. फाटकाकडे. मग तिने तो परत खाली ठेवला. तिला काय वाटलं असेल तेव्हा, घरात तिची नात आणि समोर आमचं बाळ?

"उलटं धर!" ती ओरडली. "पाठीवर चोळ! तोंडातलं काढ बोटानं! चोळ वं, भेऊन काय राह्यली?"

आणि रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं. माझा भाऊ.

आजी तिथेच मातीत बसली. "जोरानं रडू दे," म्हणाली. मग मला म्हणाली, "तुह्या आत्याले सांग, चांगलं केलं. पण सांगतानी हसू नको, चढून जाईन."

पुढे तिच्या नातीचं पुरळ सुकलं आणि मातेची पाठवणी झाली. त्या दिवशी त्यांनी सगळं घर शेणाने सारवलं आणि चुलीतला जुना विस्तव पाणी घालून विझवला. मातेच्या दिवसांतला विस्तव पुढे चालवायचा नाही, दुसऱ्या घरून नवा आणायचा, ही त्यांची रीत. दुपारी आजी आमच्या दारात आली. हातात खापर, खापरात राख.

आत्याचे डोळे बारीक झाले. "गावात दुसरं घर नाई का विस्तवाले?"

"हायेत ना," आजी म्हणाली. "पण लांब हायेत. माहे गुडघे दुखते."

आता सांग, गुडघे की आणखी काही? तेही मला ठाऊक नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की त्याच गुडघ्यांवर ती सगळी दुपार उन्हात उभी होती.

आईने बाजेवरूनच सांगितलं, द्या. आत्याने चुलीतली राख उकरली. बाळंतिणीच्या शेकासाठी त्या दिवसांत आमची चूल विझतच नव्हती. निखारे लालभडक होते. आत्याने दोन काढले, जरा थांबली, आणि तिसरा घातला. आजीने ते बघितलं. गावात त्यावरून कुजबुज झालीच. किरिस्तावाच्या घरचा विस्तव घेतला म्हणून पुजारी तिला काहीतरी बोलला, तिने त्याला काहीतरी सुनावलं. काय ते आम्हाला कधी कळलं नाही.

नंतर आजी तेल चोळायला रोज यायची. एकदा बाळ मांडीवर असताना आईने तिला ती विहिरीची गोष्ट सांगितली, की हे ऐकलं म्हणून मी त्या दिवशी उठून आले. आजीने बाळाची टाळू चोळत चोळत ऐकलं. मग म्हणाली, "थो स्वतः मागाले गेला?"

"हो."

"मंग बरा माणूस असंन. जो कोणाजवळ काही मागत नाई ना बाई, त्याचा मले भरोसा येत नाई."

पुष्कळ प्रवचनं ऐकली मी त्यानंतर, त्या गोष्टीवर. विद्वान माणसांची. मी ऐकते, मान हलवते, आणि मला आपली मातीत फतकल मारून बसलेली माझी आई दिसते, समोर रिकामं खापर. देणं सोपं असतं गं. दिलं की माणूस मोठा होतो. मागायला गेलं की लहान व्हावं लागतं, दारात बसावं लागतं, आणि समोरचा ओरडेल ते ऐकावं लागतं. प्रभूने ते आधी केलं. माझ्या आईला ते एका सकाळी जमलं. मला अजून रोज जमत नाही. मी अजून धूर बघितला की वास घेते, कोणी दार लावलं की कान देते.

म्हणून तुला सांगते. तुझ्या त्या शेजारणीच्या घरात काय चाललं आहे ते तुला माहीत नाही आणि मला तर नाहीच. कदाचित तिच्या मनात खरंच काही असेल. तरी एक कर. घरी गेलीस की तिच्या दारावर जा आणि काहीतरी माग. मीठ माग, विरजण माग, काहीही. लेकराला पाठवू नको, स्वतः जा. काय होतं ते मला येऊन सांग. फोनवर नको, फोनवर तुझं तोंड दिसत नाही मला आणि मग मी संशय घेत बसते. लवकर ये. मोहाची फुलं संपायच्या आत ये, आणि विरजण मिळालं तर थोडं माझ्यासाठीही घेऊन ये.